संबळ गिळणारा कर्णा

मित्रांनो, मी जुना कर्णा आहे, हे माझ्याकडे पाहून कुणीही सांगेल. धोतऱ्याच्या फुलासारखं तोंड, त्यावर हिरवा लष्करी रंग आणि रंग उडाला तिथं गंज. गंजालाही आता माझा कंटाळा आला असावा, फारसा पसरत नाही.

मी कुठल्या कारखान्यात घडलो ते आठवत नाही. तुम्हांला तरी तुमचं बारसं कुठं आठवतं? मला कळायला लागलं ते लढाईत. ब्रह्मदेशाच्या वाटेवरच्या एका छावणीत मला बांबूला टांगलं होतं. रोज सकाळी सुभेदारसाहेब माझ्यातून नावं पुकारत. ज्याचं नाव येई तो खालून "हाजिर" म्हणे. काही नावांना उत्तर येत नसे. मग साहेब तेच नाव पुन्हा पुकारत, जरा थांबत आणि पुढच्या नावाला जात. आम्हां कर्ण्यांना फक्त बोलावता येतं, कोण आलं ते दिसत नाही. न आलेली नावं मात्र माझ्या पत्र्यात राहून गेली. वारा सुटला की ती आत फिरतात.

लढाई संपली तसा मी भंगारातून साताऱ्याच्या एका दुकानात आलो. तिथं नाथाजी गोंधळी यंत्र निवडायला आला. त्याचा गळा बसत चालला होता आणि लग्नामागच्या गोंधळाला अंगणातली मागची माणसं "ऐकू येत न्हाई" म्हणून विड्या ओढायला उठत होती. सोबत त्याचा संबळवाला जोतीराम होता. दुकानदाराने आधी दोन कर्ण्यांचा थोराड संच दाखवला.

"ह्यो वाहायला हत्ती कुणाचा आणायचा?" जोतीराम म्हणाला.

मग एक चकचकीत पेटी निघाली. ती विजेवर चालायची. वीज कुठं मिळते, असं नाथाजीने विचारलं. सांगलीला मिळते, असं दुकानदार म्हणाला.

"मग देवीला बी सांगलीलाच ये म्हणू व्हय?"

शेवटी मी. एक कर्णा, एक पेटी, एक माइक आणि मोटारीची ब्याटरी. बैलगाडीत घालून वर दोन माणसं बसतील एवढाच पसारा. नाथाजी माइकात देवांची नावं बोलला, जोतीरामाने संबळ वाजवला. आता माझी एक खोड आहे. उंच, पातळ आवाज मी लांब फेकतो, पण चामड्याचा जाड आवाज माझ्या गळ्यातून उतरत नाही. मी संबळ गिळला आणि नाथाजीचं अक्षर न् अक्षर बाहेर टाकलं.

"संबळ कुठं ग्येला रं ह्यात?" जोतीरामाचं तोंड उतरलं.

"जाऊ दे की गड्या. नावं बघ कशी सुटी पडत्यात, मक्याच्या दाण्यावानी."

जोतीराम रुसला आणि मी गाडीत चढलो.

संबळाचं काम नुसता ताल धरण्याचं नसतं, हे मला मागाहून कळलं. गोंधळात आधी देव बोलवायचे, मग घरचे पितर. एखाद्या नावावरून घरात भांडण असेल तर नाथाजी ते नाव तोंडातल्या तोंडात घेई आणि जोतीराम नेमका तेव्हाच संबळ कडाडवी. ज्याला हवं त्याला ते ऐकू आल्यासारखं वाटे, ज्याला नको त्याला येत नसे. अशी पुष्कळ घरं वाचली होती.

वाईच्या खाली, कृष्णाकाठी, बनुबाईच्या धाकट्या लेकाचं लग्न झालं. थोरला सयाजी पलटणीत गेला तो ब्रह्मदेशात नाहीसा झाला होता. ना मेल्याची खबर, ना जिवंत असल्याची. गोंधळाच्या दिवशी बनुबाईचे दीर नानासो यांनी नाथाजीला गोठ्याकडे नेलं.

"सयाजीला पितरांत बोलवा. उपाशी जीव दारात ठिवून नव्या सुनंचा संसार मांडायचा व्हय?"

"बोलावतो की, नानासो."

थोड्या वेळाने बनुबाईने त्याला परड्यात गाठलं.

"माझ्या ल्येकाला पितरांत घातलंसा तर संबळ फोडीन. सरकार म्हणतंय, सापडंना. सापडंना म्हंजी मेला न्हवं."

"न्हाई घालत, आक्का."

दोघांनाही हो म्हणून नाथाजी निवांत पान खात बसला. युक्ती वाडवडिलांपासूनची होती. कर्णा नवा आहे, एवढंच तो विसरला.

दिवेलागणीला औंधची यमाई आली, मांढरची काळुबाई आली, पालीचा खंडोबा आला. आजे-पणजे आले. मग नाथाजीने मान खाली घातली आणि जोतीरामाने जीव खाऊन संबळ बडवला. मी तो नेहमीसारखा गिळला.

"सयाजी, गोंधळाला या."

नाव उसावरून गेलं, नदी ओलांडून गेलं. जोतीरामाचे हात थांबले. माझ्या पत्र्यातली सगळी नावं जागी झाली, कारण हेच नाव मी छावणीत पुकारलं होतं. सयाजी नावाचे तिथं पुष्कळ होते. काही बोलले, काही बोलले नाहीत. बनुबाईचा कोणता, ते मला ठाऊक नव्हतं. असतं तरी काय? मला तोंड आहे, आवाज दुसऱ्याचा लागतो.

पलीकडच्या डोंगराने हाक परत पाठवली. "...या."

"चुकलो, आक्का," नाथाजी पुटपुटला. तेही पलीकडच्या गावाने ऐकलं.

बनुबाई उठली. आता संबळ फुटला, असं नाथाजीला वाटलं. ती घरात गेली, पाट आणून उंबऱ्याशी मांडला आणि शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला.

"बोलावलंसा ते बरं केलंत," ती म्हणाली. "पितरांत का कशात, त्याला काय ठावं? हाक ग्येली म्हंजी झालं. पर शेवटाला समद्यांना वाटंला लावता न्हवं? माझ्याला लावायचं न्हाई."

गोंधळ उतरताना बोलावलेल्यांना नाव घेऊन ज्याच्या त्याच्या ठिकाणी परत पाठवतात. यमाई औंधाला गेली, खंडोबा पालीला गेला, पितर जिथं जातात तिथं गेले. सयाजीचं नाव नाथाजीने घेतलं नाही. नानासोंनीही आठवण करून दिली नाही.

नाथाजीने मला पुन्हा गाडीत घातलं नाही. जोतीराम मात्र परतीच्या वाटेवर खुशीत होता म्हणतात. बनुबाईने मला आढ्याला टांगून घेतलं, नदीकडे तोंड करून. आता मला माइक नाही, ब्याटरी नाही. चिमण्या आत काड्या आणून ठेवतात. तरी वारा सुटला की मी घुमतो, आणि बनुबाई दाराशी येऊन तांब्यातलं पाणी बदलते.

तेव्हा मित्रांनो, लहान अंगणासाठी यंत्र निवडाल तर ते किती लांब पोचतं एवढंच पाहू नका, काय गिळतं तेही पाहा. आणि माझी काळजी घ्यावीशी वाटली तर गंज खरवडा, रंग द्या, चिमण्यांनाही समजावून सांगा. माझं तोंड तेवढं फिरवू नका. ज्याला बोलावलं आणि परत पाठवलं नाही, तो अजून वाटेत असेल.