वाणातलं हैदराबाद

धोंड्याच्या महिन्यात जावयाला काय द्यावं, यावर मंगरूळपीरच्या दौलतरावांनी पंधरा दिवस डोकं खपवलं. तीन वर्षांनी येणारा महिना, लेकीच्या लग्नानंतरचं पहिलंच धोंड्याचं जेवण, आणि जावई मेडशीचा, सोळा एकरांचा, निर्व्यसनी. चांदीचं निरांजन काय, कोणीही देतो. दौलतरावांनी हैदराबाद दिलं. तेहतीस अनारशांच्या ताटाशेजारी चाकांची नवी कोरी बॅग उभी केली, तिच्यावर रेल्वेची तिकिटं आणि लॉजच्या बुकिंगचा कागद ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि चाळीस माणसांदेखत म्हणाले, "जावईबापू, तीन दिवस मोठं शहर पाहा. मजा करा. अन् रोज व्हिडिओ कॉल करा, आमाले बी दाखवा."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. जावई हरीओम हसला. हसताना त्याच्या ओठाचा डावा कोपरा थरथरला, तो फक्त त्याच्या बायकोला, वैभवीला, दिसला. चाळीस माणसांत तिलाच माहीत होतं, की या माणसाला जवळच्या मालेगावच्या बाजाराला जायचं म्हटलं तरी आदल्या दिवसापासून पोटात गोळा येतो.

अकोल्याच्या डॉक्टरने त्याला चिंतेचा आजार म्हटलं होतं. हरीओम त्याला नुसतं 'ते' म्हणायचा. ते आलं, की छाती आवळायची, बोटं बधिर व्हायची, आणि तीस वर्षांचा, पोतं एका हाताने ट्रॉलीत फेकणारा गडी बायकोचं मनगट धरून म्हणायचा, "मेलो व मी, आता मेलो." वर्षभरात चारदा छातीची पट्टी, ईसीजी, काढून झाली. चारही साफ. शेवटी कोणालाही न सांगता दोघं अकोल्याला मनाच्या डॉक्टरकडे गेले. त्याने सकाळ-संध्याकाळ गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, एकदम बंद करायच्या नाहीत, काही झालं तरी नाही. गोळ्यांनी फरक पडला. हरीओम ट्रॅक्टरवर गाणी म्हणायला लागला.

पण हे त्याच्या बापालाही, पुंजाजींनाही, ठाऊक नव्हतं. का नव्हतं? कारण आपल्याकडं माणूस दारू पिऊन नालीत पडला तर लोक उचलून घरी आणतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत हसतात. बायकोला बडवलं तर म्हणतात, त्याच्या घरचा मामला. पण "मले भेव वाटते" एवढं एक वाक्य बाप्या माणसाच्या तोंडून निघालं, की तो संपला. मग त्याच्या वावराचा सौदाही लोक त्याच्या भावाशी बोलतात.

"तुह्या बापाले कळलं ना वैभवी," हरीओम अकोल्याहून येताना एसटीत म्हणाला होता, "त माही मान कधी वर होनार नाई. घे शपथ." तिने घेतली होती. दीड वर्ष पाळली होती. शपथ जड नव्हती. रोज पहाटे उठून डब्यामागून गोळी काढून चहाबरोबर त्याच्या हातात ठेवणं, एवढंच काम होतं ते.

आणि एका बॅगेने घात केला.

बॅग गोमतीबाईंनी, तिच्या आईने, स्वतःच्या हाताने भरली. नवे शर्ट, नवी पँट, नवा टॉवेल, नवी कंगवी. वैभवीने मेडशीहून आणलेल्या जुन्या बॅगेतलं काही काढून इकडं टाकायला हात घातला, तर आईने तो हात धरला. "वाणाच्या बॅगीत जुनं घालत नसतात व पोरी. दात घासाचा बुरुश बी नवा देल्ला मी. काई ठेवलं नाई पाह्य मांगं." हरीओमच्या अंगावरचे कपडेही बदलून नवे चढवले. जुनी बॅग संस्कृतीने, वैभवीच्या धाकट्या बहिणीने, उचलून माळ्यावर टाकली. त्या बॅगेच्या आतल्या चेनमध्ये एक मोजा होता, मोज्यात गोळ्या होत्या आणि डॉक्टरचा कागद होता.

वैभवीला वाटलं, त्याने खिशात घेतल्या असतील. हरीओमला वाटलं, तिने पर्समध्ये टाकल्या असतील. विचारायला सवड कोणी दिली? दारात जीप हॉर्न वाजवत होती, आत्याबाई ओटी भरत होत्या, मामी कानात नको ते सांगून खिदळत होती. रेल्वेत बसून हिंगोली मागं पडल्यावर हरीओमने हात पुढं केला. "गोळी दे."

वैभवीने त्याच्या तळहाताकडे पाहिलं आणि मग त्याच्या शर्टाच्या खिशाकडे.

*

शनिवारी सकाळी ते हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनावर उतरले. लॉज चांगला होता, थंड खोली, पांढऱ्या चादरी. पहिला दिवस हरीओमने दात आवळून काढला. चारमिनारला जायला ऑटोत बसले, दोन सिग्नल झाले, आणि तिसऱ्या सिग्नलवर चारही बाजूंनी गाड्या लागल्यावर तो ऑटोवाल्याच्या पाठीवर थापा मारायला लागला. "थांबव, थांबव भाऊ, उतरू दे." भर रस्त्यात उतरून तो दुभाजकावर बसला, नव्या पँटीसकट. लोक पाहत होते. वैभवी त्याच्यापुढं पदराचा आडोसा करून उभी राहिली, जणू तो लघवीला बसला होता.

दुपारी दौलतरावांचा व्हिडिओ कॉल आला. तिने हरीओमला तोंड धुवायला लावलं, खिडकीशी उभं केलं, मागं खालचा रस्ता दिसेल असा फोन धरला.

"हे तं कोनत्याई शहरात दिसते!" दौलतराव म्हणाले. "चारमिनार दाखव ना!"

"तिथं गर्दी हाये बाबा. उद्या जातो."

"जावईबापू, चेहरा काहून उतरला? पोरगी तरास देऊन राह्यली काय?"

"नाई मामाजी," हरीओम म्हणाला. "बिर्यानी जास्त झाली."

दौलतरावांच्या मागं बसलेले सगळे हसले. फोन बंद झाल्यावर हरीओम पलंगावर बसून दहा मिनिटं नुसता स्वतःची नाडी मोजत राहिला. सकाळपासून त्याने पाणी सोडून काही घेतलं नव्हतं.

रविवारी सकाळी ते आलं आणि गेलंच नाही. एरवी अर्ध्या तासात ओसरायचं. आता लाटेवर लाट. तो पलंगावरून उठून दाराकडे जायचा, दारातून बाथरूमकडे, परत पलंगाकडे. घामाने बनियन चिकटलं होतं. "डोक्यात करंट मारल्यासारखं होते व," तो म्हणायचा. "मी पागल होऊन राह्यलो काय? खरं सांग."

"नाई होत तुमी पागल. गोळ्या बंद झाल्या म्हनून होते. डॉक्टरनं सांगतलं नव्हतं काय?"

"मंग आन ना गोळ्या!"

ती चार दुकानं फिरली. गोळीचं नाव तिला पाठ होतं, पण नावाने काय होतं? चौथ्या दुकानातला म्हातारा चष्म्यावरून पाहत म्हणाला, "नक्को अम्मा. पर्ची बगैर ये गोली नै मिलती. पर्ची लाव, अब्बीच देतौं."

"पर्ची गाव में हाये चाचा."

"तो मंगा लेव. फोन में फोटू बी चलता."

मनाचा डॉक्टर सोमवारी दुपारी बसतो, असं त्यानेच सांगितलं. गल्लीच्या तोंडावर एक साधा दवाखाना उघडा होता. हरीओमला धरून नेलं. तिथल्या डॉक्टरने छातीची पट्टी काढली. पाचवी. साफ. ॲसिडिटीची गोळी दिली आणि म्हणाला, जवान आदमी, टेंशन नक्को लेव. टेन्शन घेऊ नका! हा सल्ला देणाऱ्याला एकदा तरी हरीओमच्या छातीत तासभर कोंडून ठेवलं पाहिजे.

तिसऱ्या प्रहरी हरीओम बाथरूमच्या फरशीवर बसला, कारण ती थंड होती. वैभवीचं मनगट त्याच्या हातात होतं आणि त्या मनगटावर त्याच्या नखांच्या चार कोरी उठल्या होत्या. तो रडत नव्हता. रडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त एकच म्हणत होता, "घरी फोन करू नको. काई झालं तरी करू नको."

तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली. "पानी आनते," म्हणाली. खाली उतरून लॉजच्या जिन्यात उभी राहिली आणि संस्कृतीला फोन लावला.

"माळ्यावर आमची जुनी बॅग हाये. कोनाले न सांगता काढ. आतल्या चेनीत मोजा हाये, मोज्यात कागद. त्याचा फोटो धाड. आईले दिसू देऊ नको, तुले माही शपथ हाये."

"काय हाये ताई त्याच्यात?"

"तू विचारू नको ना माय!"

शिडी सरकवल्याचा आवाज आला. डबे वाजले. मग आईचा आवाज, लांबून: "वर काय करून राह्यली व? उतर खाली, पडशीन." संस्कृती काहीतरी पुटपुटली. तिला खोटं बोलता येत नाही; शाळेत कॉपी करतानाही ती रडायची. थोडा वेळ फक्त कुजबुज. मग फोनवर दौलतराव.

"वैभवी. हा कायचा डॉक्टर हाये?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"मनोविकार लिवलं हाये याच्यावर. कोनाचा कागद हाये हा? तुहा का जावईबापूचा?"

एक क्षण तिच्या मनात आलं, म्हणावं माझा. माझाच आहे बाबा, मलाच होतं असं. पण कागदावर हरीओमचं नाव ठसठशीत होतं, वय होतं, गाव होतं.

"बाबा, फोटो धाडा पहिले. त्याइले लई होऊन राह्यलं. मी सगळं सांगते तुमाले, पन पहिले फोटो धाडा."

"किती दिवसाचं हाये हे? लग्नाच्या आंधीचं हाये काय?"

"फोटो धाडा ना बाबा, पाया पडते तुमच्या!"

फोटो आला. दौलतराव वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर तिला त्यांच्याशी भांडता आलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "दे त्याले गोळी. मी निघतो. नरेंद्रची गाडी घेतो, सकाळी पोचतो तिथं."

"कायले येता? गोळीनं बरं वाटते त्याइले. मंगळवारी येतोच ना आमी."

"असा मानूस सांभाळता येते काय तुले परमुलखात? अन् त्याले सांगू नको मी येतो म्हनून. घाबरन."

*

गोळी घेतल्यावर तो झोपला. दिवेलागणीला उठला तेव्हा चेहऱ्यावर रंग होता. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याने भूक लागली म्हटलं. खालून डाळ-भात मागवला, दोन ताटं साफ केली.

"कशी आनली व तू?" त्याने विचारलं.

"एक म्हातारा भेटला. देऊन देल्ली त्यानं."

"देवमानूस." तो पांढऱ्या उशीला टेकला. "उद्या जाऊ आपन चारमिनारले. सकाळीच जाऊ, गर्दी व्हायच्या आंधी. पैदल गेलो तरी चालते. तुले बांगड्या घेऊ तिथल्या. मामाजीले दाखवू, म्हनू, घ्या तुमचा चारमिनार." तो स्वतःशीच हसला. "तुहा बाप भल्ला हौशी मानूस हाये पन. एवढा खर्च कोन करते जावयावर."

आता सांगावं, असं तिला चारदा वाटलं. सांगितलं तर ते पुन्हा येईल, आत्ता, इथंच, गोळीच्याही वरताण. नाही सांगितलं तर सकाळी येईल. तिने ताटं उचलून दाराबाहेर ठेवली.

सोमवारी तो तिच्याआधी उठला. दाढी केली, वाणातला निळा शर्ट घातला, बूट पुसले. जिन्यावरून तिच्यापुढं दोन-दोन पायऱ्या उतरला. खाली फाटकाशी पांढरी गाडी उभी होती. रात्रभर जागलेले दौलतराव तिला टेकून उभे होते. स्टेअरिंगवर नरेंद्र, तिचा चुलतभाऊ.

हरीओम शेवटच्या पायरीवर थांबला. त्याने सासऱ्याकडे पाहिलं, मग वैभवीकडे पाहिलं. शिवी दिली असती, हात उचलला असता, तरी चाललं असतं. त्याने फक्त मान खाली घातली.

दौलतराव लगबगीने आले आणि दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला, आजाऱ्याला धरतात तसा. "चला जावईबापू. हळू. आरामानं चाला."

"मी बरा हाये मामाजी. मले काई नाई झालं."

"नाई ना, काईच नाई झालं. पुंजाजीले बी म्या तेच सांगतलं फोनवर. चिंता करू नका म्हटलं, आमी आनतो त्याले."

बापालाही कळलं होतं तर. पायरीपासून गाडीपर्यंत वीस पावलं होती. पहिली पाच तो स्वतः चालला. मग त्याचे पाय जड झाले, खांदे पडले, आणि सासऱ्याच्या हाताचा भार त्याने खरोखरच घेतला. नीट चालणारा माणूस वीस पावलांत रोगी होताना वैभवीने पाहिला.

मागचं सीट आडवं मोकळं ठेवलं होतं, उशीसुद्धा आणली होती. "झोपा," दौलतराव म्हणाले.

"मी बसतो ना."

"झोपा म्हटलं ना बापू. लांबचा रस्ता हाये."

तो झोपला. नव्या बुटांसकट पाय दुमडून, तोंड सीटकडे करून. वैभवी मधल्या सीटवर बसली. शहर सुटलं. मग दौलतरावांनी पुढूनच, रस्त्याकडे पाहत, सगळं ठरवून टाकलं. वैभवी मंगरूळला उतरेल, महिना-दोन महिने राहील. नरेंद्र जावयाला मेडशीला सोडेल. मग आंधी देवाचं पाहू, मग चार लोकं बसून बोलू. आवाजात राग नव्हता, मायाच होती, आणि त्या मायेपुढं बोलायला जागा नव्हती.

मागून श्वास ऐकू यायला लागला. आखूड, भराभर, नाकातून. वैभवीला तो श्वास झोपेतही ओळखू आला असता. तिने मागं हात टाकला, पण सीटची पाठ उंच होती. बोटं नुसती उशीच्या कोपऱ्याला लागली.

"बाबा, गाडी थांबवा. त्याइले खाली उतरू द्या. पाच मिनिटं चालू द्या मोकळ्या हवेत, मंग बरं वाटते त्याइले. थांबवा ना बाबा."

दौलतरावांनी वळून मागं पाहिलं. जावयाचा निळा शर्ट वरखाली होत होता. त्यांचा चेहरा काळजीने पांढरा पडला.

"नरेंद्र," ते म्हणाले, "काचा चढव. अन् गाडी जोरात घे."