वर्गातलं कासव

"पोरांसाठी चित्र काढशील ना, तेव्हा साचा लावू नकोस गं. हाताने काढ. वाकडं आलं तरी चालेल, पण हाताने."

आप्पा हे शिडीवरून बोलले होते. एक कुंचला दातांत, एक हातात, आणि खाली शिडी धरून उभी राहिलेली त्यांची लेक. पाट्या आणि भिंती रंगवण्यात आप्पांचा जन्म गेला. लेकीने तोच धंदा उचलला. शिडी तीच, डबे तेच, गिऱ्हाइकं तीच. हात मात्र तो नाही, असं तिचं तिलाच वाटायचं. म्हणून आप्पा गेल्यापासून तिने साच्याशिवाय एक रेघ ओढली नव्हती. जाड पुठ्ठ्यात आकार कापायचा, तो भिंतीला चिकटवायचा, वरून बोळ्याने रंग थोपटायचा, की काम फत्ते. चुकायला जागाच नाही. आणि लेकीला बापाची सर नाही, असं म्हणायला कुणाला तोंड नाही.

सरकारी शाळेतल्या पहिलीच्या वर्गाची भिंत तिच्याकडे आली, तेव्हा आप्पांचा हा आवाज कानाशी आला होता. तिने त्याला हळूच बाजूला सारलं. शाळा उघडायला आली होती, बाकांवर अजून धूळ होती, आणि पहिलीच्या बाई स्वतः पदर खोचून खिडक्या पुसत होत्या. तिने साच्यांनी ढग काढले, झाडं काढली. खाली, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक कोपरा रिकामा राहिला. गठ्ठ्यात हात घातला आणि हाताला लागलं ते कासव. मान उंच केलेलं, गुटगुटीत. तिने त्यावर हिरवा रंग थोपटला, लांबून पाहिलं, बाईंनी "अगंबाई, किती गोड!" म्हटलं, आणि विषय संपला.

तो साचा मुळात कुणासाठी कापला होता, याचा विचारही तिच्या मनात आला नाही. चपलांच्या दुकानाची चप्पल, दातांच्या डॉक्टरांचा दात, कुठल्याशा पक्षाचं कासव, कुठल्याशा पक्षाची घंटा. तिच्या लेखी सगळे सारखेच, एका सुतळीत बांधलेले.

त्या भिंतीसमोर तिची लेकही बसायची. लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण घरात ती एका जागी ठरायची नाही. शाळेत मात्र भिंगरीचा पार दगड झाला होता. तोंडातून शब्द म्हणून निघेना. बाईंनी तिला रागावलं नाही की कोपऱ्यात उभं केलं नाही. एकदा तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "मला नको सांगूस. त्या कासवाला सांग. ते कुणाला सांगत नाही." भिंगरी कासवापाशी गेली, त्याच्या मानेशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली. दुसऱ्या दिवशी अजून थोडं. मग इतर पोरांनाही ते हवंसं झालं. सकाळी वर्गात शिरलं की आधी रांगेने कासवापुढे उभं राहायचं, मनातलं सांगायचं, आणि मग दप्तर उघडायचं. वर्गाची ही रीतच होऊन गेली. भिंगरी तर आता इतकी बोलायची की बाईंनाच तोंडावर बोट ठेवावं लागे.

आणि मग निवडणूक आली.

एका संध्याकाळी जेवताना भिंगरीने चमचा ताटावर आपटत सूर लावला, "कासव आलं, कासव आलं, दारोदारी पाणी आलं!"

तिच्या बाबांचा घास हातातच राहिला. बाबा शहरातली बस चालवायचे. गावभरच्या गोष्टी त्यांच्या पाठीमागच्या सीटवर बसून प्रवास करायच्या.

"हे कुठे शिकलीस गं?"

"शाळेत. आमच्या कासवाचं गाणं आहे. गाडीवर लागतं ना, मोठ्यानं? आम्ही सगळे म्हणतो."

"बाई म्हणायला सांगतात?"

"बाई म्हणतात, पुरे करा आता, कान किटले." भिंगरी पुन्हा चमचा उचलणार, तेवढ्यात आईने तो काढून घेतला.

लेक हात धुवायला गेल्यावर बाबा हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे बसमधली कुजबुज खरी तर. लोक म्हणतायत, पहिलीच्या बाई पोरांना रोज सकाळी पक्षाच्या निशाणीपुढे उभं करतात. उद्या पालकांना बोलावलंय. बाईंना वर्गावरून काढा, असा सूर आहे. भिंगरीच्या वर्गातल्या त्या पोराचे बाबा, वायरमनदादा, त्यांनी तर कंबर कसलीये."

"आपल्या बाई? त्यांना कुठला पक्ष माहीत असायला! त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही."

"ते तुला माहीत, मला माहीत."

"पण कासवच का काढलं भिंतीवर, असं विचारतील..." ती बोलता बोलता थांबली. "अहो," ती म्हणाली, "जरा दिवा घेऊन पडवीत या."

गठ्ठा सोडला, साचा वर काढला. कासवाच्या मागच्या पायाशी एक टवका होता. कापताना पातं घसरलं होतं, तेव्हाचा. पडवीतून पलीकडच्या घराची भिंत रस्त्यावरच्या दिव्यात दिसत होती. मागल्या निवडणुकीत तिनेच रंगवलेली. फिक्या पडलेल्या हिरव्या कासवाच्या मागच्या पायाशी तोच टवका. वर्गातल्या कासवालाही तो असणारच.

"गेली माझी अब्रू," ती खाली बसली. "बाईंवरचं बालंट माझ्या हातचं आहे हो."

बाबांनी साचा उलटसुलट करून पाहिला. "चित्र मात्र झकास कापलंयस हं."

"तुम्हाला चेष्टा सुचते!"

"मग काय रडू? चुकीचं कासव भिंतीवर बसलंय, त्याला उठवायचं. कासव आहे, पळून तर जाणार नाही." मग तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "उद्या मी रजा टाकतो. तुझ्या शेजारी बसतो."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पहिलीच्या वर्गात सगळे पालक पोरांच्या इवल्याशा बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसले होते. अशा बैठकीत फार वेळ रागावून राहणं अवघडच. तरी वायरमनदादा उभे राहिले. खांद्याला अवजारांची पिशवी तशीच होती. कामावरूनच आले असावेत.

"बाई, मला भांडायचं नाही. पण माझा पोरगा झोपेत घोषणा देतो. रोज त्या निशाणीपुढे उभा राहतो, असं त्यानेच सांगितलं. हे शाळेत व्हावं?"

"आला घंटेवाला!" मागून कुणीतरी पुटपुटलं. दादा घंटा पक्षाचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "मग शाळेची घंटा पण उतरवा की! तीही निशाणीच ना?"

हशा पिकला. दादांचे कान लाल झाले. पण ते बसले नाहीत.

"हसा. मी घंटेवाला आहेच. पण माझ्या घरात या कधी. एक झेंडा दिसणार नाही, एक घोषणा ऐकू येणार नाही. पोरासमोर मी तोंड उघडत नाही. का? तर मोठा झाला की त्याचं त्याने ठरवावं. आमच्या बापाने आमच्या डोक्यात भरलं होतं, ते काढता काढता माझी अर्धी उमर गेली. शाळेने त्याला घंटेचं गाणं शिकवलं असतं, तरी मी इथेच उभा असतो."

बाईंनी चष्मा काढला, पुसला. "तुमचं बरोबर आहे, दादा," त्या म्हणाल्या. "ते कासव पक्षाचं आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही. पोरं त्याच्यापाशी मन मोकळं करतात, एवढंच मी पाहिलं. चूक माझी. वर्ग सोडायला सांगितलात, तर सोडीन."

तेव्हा रंगवाली उठली. बाकात अडकलेला गुडघा सोडवताना बाक तिच्याबरोबरच वर आलं, बाबांनी ते दाबून धरलं. कागदात गुंडाळलेला साचा काढून ती भिंतीपाशी गेली आणि कासवावर धरला. कासव त्यात गपकन बसलं. टवक्यावर टवका.

"बाईंचा काही संबंध नाही," ती म्हणाली. "साचा माझा. पक्षासाठी कापलेला, आणि मी आंधळेपणाने इथे वापरला. पोरांनी तेच कासव रस्त्यावर पाहिलं, वर गाडीवरचं गाणं ऐकलं, आणि दोन्ही जोडून टाकलं. त्यांना कुणी शिकवलं नाही."

वायरमनदादा जवळ आले. वाकून टवका पाहिला, त्यावर बोट फिरवलं. कारागिराला कारागिराची चूक कळते.

"पातं घसरलं?"

"घसरलं."

"होतं असं." मग बाईंकडे वळून ते खाली मान घालून म्हणाले, "बाई, तुम्ही कुठे जाऊ नका. मी उगाच तुमच्यावर आळ घेतला. पण ताई, हे पुसायला हवं. सोमवारी पोरं यायच्या आत. नाहीतर मलाच चुना घेऊन यावं लागेल."

खिडकीबाहेर एकदम गलका झाला. पोरं गजांना लोंबकळून ऐकत होती. भिंगरीचं तोंड तर गजांत घुसलेलं.

"आई! आमचं कासव पुसणार? मग सांगायचं कुणाला?"

वायरमनदादांचा पोरगा त्याहून मोठ्याने ओरडला, "बाबा, त्याला मी तुमच्याबद्दल पण सांगितलंय!"

"काय सांगितलंयस?" दादा चपापले.

"ते कुणाला सांगत नसतं!"

आता बाईसुद्धा हसल्या. रंगवालीने मात्र खिडकीकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नाही पुसणार. ते तुमचं करून देते. दुसऱ्या कुणाचंच राहणार नाही, असं." मग दादांकडे वळून, "सोमवारी तुम्ही पाहा. पटलं नाही तर चुना तुम्ही लावा, बादली मी धरते."

"हे कबूल," दादा म्हणाले.

घरी येताना भिंगरीने आईचं बोट घट्ट धरलं होतं. "आई, त्याच्या पाठीवर घर असतं ना, त्याला खिडक्या काढशील? आणि चुलीचा धूर? आणि ते हसत नाही, त्याला हसव. आणि तोंड आमच्याकडे कर, ते सारखं दाराकडे बघतं."

"एवढं सगळं साच्याने कसं होणार गं?"

"मग हाताने काढ ना."

आईची पावलं मंदावली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

रविवारी सकाळी घर अजून झोपेत होतं. तिने अंघोळ केली, रोजच्यासारखे हात जोडले, आणि आज देवाजवळ एवढंच मागितलं की हात कापू देऊ नकोस. पडवीतल्या पेटीच्या तळाशी आप्पांचे कुंचले फडक्यात होते. मधल्या कुंचल्याच्या दांड्यावर त्यांच्या दातांचे वण. तिने त्यावर अंगठा टेकवला.

साच्यांच्या गठ्ठ्याची सुतळी तिने घट्ट आवळली आणि गठ्ठा तिथेच भिंतीशी उभा केला.

"शिडी धरायला येऊ का?" आतून बाबांचा झोपाळलेला आवाज आला.

"नको. खालचाच कोपरा आहे. पोरीला झोपू द्या."

हिरव्याचा डबा, पांढऱ्याचा डबा, धुरासाठी थोडा काळा. तिने दार आवाज न करता ओढून घेतलं, पदर खोचला, आणि रिकाम्या रस्त्याने शाळेच्या दिशेने चालू लागली.