फुलाचं पाणी

काकासाहेबांच्या फुलाचं तोंड उघडं पडलंय, हे मला दारातूनच दिसलं आणि मला त्यांचा राग आला. माणसं स्वतःचं दुखणं अंगावर काढतात तसं जनावरांचंही काढतात, आणि सगळं हातचं जायला आलं की मला फोन करतात.

फूल म्हणजे समुद्रफूल. दिसतं झाडासारखं, पण ते जनावर आहे. त्याला पाय आहे, तोंड आहे आणि तोंडाभोवती शंभरएक बोटं आहेत. काकासाहेबांची करमाडची जमीन कारखान्यांसाठी गेली, त्याच साली त्यांनी ते मुंबईहून पाण्याच्या पिशवीत घालून आणलं. शेत नाही तर नाही, काहीतरी जितंजागतं सांभाळायला हवं म्हणून. त्याला सतरा वर्षं झाली. मधे त्यांची बायको द्वारकाबाई गेल्या, मुलगा सत्यम नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, मूल झालं. सिडकोतल्या त्या घराच्या बैठकीत फूल मात्र त्याच एका दगडावर बसून होतं.

माझं शहागंजात मासे आणि काचटाक्यांचं दुकान आहे. नऊ वर्षं मी त्या टाकीची देखभाल करते. या शहरात खाऱ्या पाण्याच्या टाक्या मोजून सहा-सात असतील, आणि इतकं जुनं फूल दुसऱ्या कुणाकडं नाही. त्यामुळे त्याच्यावर माझा थोडा हक्कच आहे असं मी धरून चालते.

एप्रिलचे दिवस होते. फुलाने दगड सोडला होता आणि ते टाकीच्या कोपऱ्यात लोळत होतं. बोटं आखडलेली, रंग उडून फिक्कट झालेला. मी बोटांना काडी लावून पाहिली तर ती चिकटलीच नाहीत.

"कधीपासून?" मी विचारलं.

"म्हयना झाला असंल," काकासाहेब म्हणाले. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन महिने झाले होते, तरी काळा चष्मा सुटला नव्हता. "आधी वाटलं, माझ्याच डोळ्याला नीट दिसंना."

आतल्या खोलीत मूल रडत होतं. भुकेचं रडणं नव्हे ते. एकसारखी, बारीक, दमलेली कुरकुर. थोड्या वेळाने सून तनुजा पोरीला खांद्यावर घेऊन बाहेर आली. श्रेया, अकरा महिन्यांची. हातपाय काड्या झाले होते आणि पोट टम्म फुगलेलं. तनुजाच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"द्वारका गेली त्या साली बी हे असंच मिटलं व्हतं," काकासाहेब हळू आवाजात म्हणाले. "आता फूल बी आजारी, पोर बी आजारी. अंबिकाताई, दोघांचं दुखणं एकच तर नसंल?"

मी फटकन बोलले. तो माझा स्वभावच आहे. "काका, ते समुद्रातलं जनावर, ही तुमची नात. काय संबंध? पोरीला डॉक्टरकडे न्या, फुलाचं माझ्यावर सोडा."

"नेलं की दोनदा. जंताचं औषध दिलं. टॉनिक दिलं."

"मग तिसऱ्यांदा न्या," मी म्हणाले आणि कामाला लागले.

पाण्याचा खारटपणा बरोबर निघाला. गरमी बरोबर. दिवे मीच बदलले होते, त्यांना चार महिनेही झाले नव्हते. कुजण्याचा अंश पाण्यात नव्हता. पट्ट्यापट्ट्यांचे दोन नारंगी मासे मजेत फिरत होते. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी भराभर आटतं, मीठ मात्र मागं राहतं, म्हणून आटलं तेवढं गोडं पाणी रोज वरून घालावं लागतं. मी विचारलं, "वरून कोणतं घालता?"

"आरओचं. दुसरं कोंचं घालणार?"

उत्तर बरोबर होतं. मी पुढे गेले. पंपाने फुलाचा पाय ओढला असेल, अशी माझी मी समजूत घातली, पंपाला जाळी बसवली, तिसरा हिस्सा पाणी बदललं. निघताना लक्षात आलं की काचेवर एकही गोगलगाय नाही. "मेल्या एकेक करून," काकासाहेब म्हणाले. उन्हाने असेल, हे मीच म्हणाले. तिथेच थांबायला हवं होतं. मी थांबले नाही, कारण मला दौलताबादला एका हॉटेलची टाकी लावायला पोचायचं होतं.

चार दिवस फूल बरं होतं. मग पुन्हा बोटं आखडली. आठव्या दिवशी मी परत गेले. श्रेयाची कुरकुर आता आणखी बारीक झाली होती. मला ती ऐकू येऊ नये असं वाटत होतं.

टाकीसमोर खुर्ची ओढून मी नुसती बसले. गोगलगायी मेल्या. दगडामागच्या दोन कोळंब्याही आता दिसत नव्हत्या. फूल मरायला टेकलंय. मासे ठणठणीत. हाड नसलेलं सगळं जातंय आणि हाडाचं तेवढं राहतंय. हे मी कॉलेजात शिकले होते आणि दुकानात रोज पाळतेही. माशांना पांढरे ठिपके आले की आम्ही तांब्याचं औषध देतो, आणि ते औषध लागलेली जाळीसुद्धा फुलाच्या टाकीत बुडवत नाही.

पहिली भीती वाटली ती स्वतःचीच. माझ्या बादलीतून तर ते आलं नाही? पिशवीत तांबं तपासायचे थेंब होते. बादलीत पाणी घेऊन तपासलं. स्वच्छ. टाकीचं पाणी कुपीत घेतलं, थेंब टाकले, हलवलं. पाणी निळसर झालं, आणि मी बघत असताना आणखी गडद होत गेलं.

आमचे आबा, मल्हारी, जन्मभर मेंढ्यांमागे चालले. मेंढी आजारी पडली की ते तिच्याकडे फार वेळ बघत नसत. ती काल कुठे चरली, कुठे प्याली, ती वाट उलटी चालत जायचे. बरोबर मी असायचे. वाटेत भेटणाऱ्यांना मी विचारायला लागले की चिडायचे. "इचारू नगं. चालत जा. त्यांना तरी समदं कुठं ठावं असतंय." आठ दिवसांपूर्वी मी विचारलं होतं. चालत गेले नव्हते.

"काका, मला आज वरून पाणी घालून दाखवा," मी म्हणाले.

"मी कुठं घालतो आता? वाकायला नगं म्हणलाय डाक्तर. आपरेशनपासून तनुजाच घालती."

तनुजाने पोरीला त्यांच्या मांडीवर दिलं, टाकीशेजारचा प्लास्टिकचा मग उचलला आणि ती स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागोमाग. आरओचं मशीन खिडकीपाशी होतं. ती तिथं गेली नाही. ओट्याच्या कोपऱ्यात तांब्याचा मोठा हंडा होता, त्याच्यावरचं झाकण तिने काढलं.

"आरओचंच आहे ताई," माझा चेहरा बघून ती म्हणाली. "मशीनमधून ह्यात भरून ठेवते. नुसत्या आरओच्या पाण्यात काही राहत नाही म्हणतात ना. तांब्यातलं चांगलं असतं."

"माणसाला चांगलं असेल. फुलाला विष आहे."

तिने मग खाली ठेवला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, मला आनंद झाला होता. चोर सापडला होता. आटलेल्या पाण्याबरोबर तांबं काही उडून जात नाही. रोज चार मग, दोन महिने, साठत गेलं. आता पाणी बदललं की काम झालं. मी हंड्यात डोकावले. आतून लखलखीत लाल.

"सासूबाईंची भांडी," तनुजा म्हणाली. तिच्या आवाजात त्या घरात मी पहिल्यांदाच थोडा अभिमान ऐकला. "श्रेया झाली तेव्हा माळ्यावरून काढली. हंडा नुसता काळा पडला होता, लवकर निघाला. पातेलं मात्र आतून राखाडी झालं होतं. चिंच-मीठ लावून आठवडाभर घासलं तेव्हा कुठं असा रंग आला."

"कोणतं पातेलं?"

ते गॅसवरच होतं. अर्धं भरलेलं. दुधाच्या वर जेवढी कड दिसत होती तेवढी हंड्यासारखीच लाल होती.

"ह्यात काय करता?"

"श्रेयाचं दूध. चौथ्या महिन्यात माझं आटलं. मग म्हशीचं तापवते आणि ह्यातच ठेवते, दिवसभर पाजायला. सासूबाईंनी ह्यांनाही ह्याच पातेल्यातलं पाजलं होतं."

 मी पातेल्याच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं.

"तनुजा, ते राखाडी म्हणजे घाण नव्हती. कल्हई होती."

शब्द तिने ऐकला होता. भाता घेऊन दारात बसलेला कल्हईवाला मात्र तिने कधी पाहिला नव्हता. तिच्या जन्माआधीच ते येईनासे झाले. कल्हईचा तो मळकट थर दुधाला तांब्यापासून वेगळं ठेवतो, हे तिला कुणी सांगणार होतं तर द्वारकाबाईच, आणि त्या नव्हत्या. आमच्या आईने, कस्तुराबाईने, कल्हई उडालेल्या भांड्यात राहिलेलं ताक एकदा अख्खंच्या अख्खं उकिरड्यावर ओतलं होतं. "कळकलंय, जित्राबाला बी देऊ नगं," म्हणाली होती. तांबं उतरून ताक कळकलं की जिभेला कळतं. दूध कळकलेलं कुणाला कळत नाही, आणि अकरा महिन्यांच्या पोरीला तर सांगताही येत नाही.

मी हे सगळं तनुजाला सांगितलं. तिने पातेलं उचललं आणि दूध मोरीत ओतलं. अर्धं ओट्यावर सांडलं. "मी रोज घासत होते," ती म्हणाली. "डाग राहू नये म्हणून रोज घासत होते."

"आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात चला. हे पातेलं बरोबर घ्या. डॉक्टरांना सांगा, सात महिने ह्यातलं दूध."

काकासाहेब पोरीला घेऊन दारात उभे होते. त्यांनी कधीपासून ऐकलं होतं कोण जाणे. काळ्या चष्म्याआड डोळे दिसत नव्हते.

"म्हंजी एकच दुखणं," ते म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. आला असता तर मला बरं वाटलं असतं.

याला आज बारा दिवस झाले. पोरीचं यकृत सुजलंय. तांबं तिथंच जाऊन बसलंय. ते ओढून काढायचं औषध चालू आहे. आठ दिवस उशीर झाल्याने विशेष फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाल्याचं सत्यमने मला फोनवर सांगितलं. त्याने ते माझ्यासाठी सांगितलं असावं. परवा त्याने आणखी एक सांगितलं. श्रेयाच्या डोळ्यांत पिवळं उतरलंय, आणि ते त्याने बापाला सांगितलेलं नाही.

फूल मी त्याच दिवशी दुकानात आणलं. पाणी सात वेळा बदललं. आता थेंब टाकले तरी कुपीतलं पाणी नितळच राहतं. चौथ्या दिवशी त्याने काचेला पाय रोवला, सहाव्या दिवशी उघडं पडलेलं तोंड मिटलं.

काकासाहेब रोज सकाळी दवाखान्यातून फोन करतात. नातीबद्दल काही बोलत नाहीत. "फूल कसं हाये?" एवढंच विचारतात. आज सकाळी फुलाने बोटं पसरून कोळंबीचा तुकडा धरला आणि ओढून गिळला. मी ते जसंच्या तसं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

 फोनमध्ये त्यांच्या मागे दवाखान्यातली माणसं बोलत होती.

"मंग पोरीचं बी पोट उतरंल," ते म्हणाले. "दोघांचं एकच हाये ना, ताई?"

समोर टाकीत फूल पुरं उमललं होतं. त्याचं पाणी बदलता आलं होतं.

"व्हय काका," मी म्हणाले. "एकच हाये."