ओत्गोन बोलत राहिला

पेंचकडच्या जंगलात भारतीय आणि मंगोलियन सैन्याचा एकत्र सराव चालला होता. प्रत्येक भारतीय जवानाला एक मंगोलियन जोडीदार दिला होता. हवालदार जितेंद्रच्या वाट्याला आला ओत्गोन. त्याला हिंदी येत नव्हतं, जितेंद्रला मंगोलियन, आणि इंग्रजी दोघांचंही सारखंच कच्चं. मंगोलियन तुकडीतला एक लेफ्टनंट भारतात शिकलेला होता, हिंदी छान बोलायचा. पण तो एकटा कुणाकुणाला पुरणार?

जितेंद्र खरं तर आपल्याच मुलखात होता. गाव पारशिवनीजवळ, आणि आई जिजाबाई व बायको मिनल नागपुरात, हुडकेश्वरच्या घरी. फोनवर तो मिनलजवळ कुरकुरायचा, "गडी चांगला आहे. पण मी बोलून राहिलो की नुसता तोंडाकडे पाहत राहते. कसंतरीच वाटते."

"त्याले शब्द कळत नाही तर पाहीन कुठं बिचारा?" मिनल म्हणाली.

अंधारात, आवाज न करता चालायचं तेव्हा बोलण्याची सोयच नसे. त्या दोघांनी मग आपलं एक ठरवून टाकलं. हात दोनदा दाबला की 'ठीक ना?', आणि उत्तरही दोनदा दाबूनच द्यायचं. तेवढ्यावर त्यांनी बरंच जंगल तुडवलं.

एके दिवशी पहाटे जितेंद्र उठला तो पोट दाबतच. घसा आवळल्यासारखा झाला होता, डोळे जड. सोबतच्या जवानांनी विचारलं तर म्हणाला, "कुछ नहीं यार, नींद नहीं हुई." त्यांना ते पटलं आणि ते चहाला गेले. ओत्गोन मात्र तिथेच उभा राहून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होता. त्याने हातातला मग खाली ठेवला, जितेंद्रची हनुवटी वर केली आणि अंगठ्याने पापणी उचलून पाहिली. अंगठा काढताच पापणी पुन्हा खाली आली.

"काही नाही झालं गा," जितेंद्र म्हणाला, पण जीभच वळेना.

ओत्गोन वाकला, त्याला पाठीवर घेतलं आणि वैद्यकीय तंबूकडे धावत सुटला. साऱ्या छावणीसमोर आपल्याला पोत्यासारखं नेतोय, याचा जितेंद्रला भयंकर राग आला होता. त्याला ढकलायचं होतं, पण हातात जोरच नव्हता.

तंबूतल्या डॉक्टरांना घोट्याजवळ दोन बारीक ठिपके सापडले. मण्यार होती. झोपेत चावली तर माणसाला पत्ताही लागत नाही. त्यांनी लगेच विषावरची औषधं सुरू केली आणि ॲम्ब्युलन्स नागपूरकडे निघाली. वाटेतच जितेंद्रचा श्वास अडकू लागला.

नागपूरच्या दवाखान्यात त्याला व्हेंटिलेटरवर ठेवलं. त्याला डोळे उघडता येत नव्हते, बोट हलवता येत नव्हतं. पण कान शाबूत होते. यंत्राचा आवाज ऐकू येत होता, आणि मिनलचं रडणंही. पायावर आईचा हात जाणवत होता, पण एरवी अखंड बोलणारी आई आज गप्प होती, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. मी आहे, हे यांना सांगू कसा? की हे मला मेलेलाच समजून राहिले?

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना सांगितलं, "त्यांना ऐकू येत असेल. बोलत राहा त्यांच्याशी." मिनलने तोंड उघडलं की हुंदकाच यायचा. लेफ्टनंटने बाईंचं म्हणणं ओत्गोनला समजावलं. साहेबांची परवानगी काढून ते दोघे नागपूरपर्यंत सोबत आले होते. ओत्गोनने खुर्ची ओढली आणि बोलायला लागला.

तो बोलतच राहिला. एक शब्द कळत नव्हता. पण आवाज सावकाश, घाई नसलेला, आणि जितेंद्रने त्या आवाजाला घट्ट धरून ठेवलं. तो थांबला की काळजात धस्स व्हायचं, पुन्हा सुरू झाला की जिवात जीव यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओत्गोनने त्याचा हात हातात घेतला आणि दोनदा दाबला. जितेंद्रने अंगातलं होतं नव्हतं ते सगळं एका बोटात आणलं. बोट किंचित हललं. थांबून, पुन्हा एकदा हललं.

ओत्गोनने मोठ्याने हाक मारली, नर्स धावत आली. जिजाबाईंनी पोराच्या कपाळावर हात ठेवला. "आयकून राहिला का रे जितू? मंग काहून घाबरवतं आम्हाले?" आणि त्यानंतर त्या जरा म्हणून गप्प बसल्या नाहीत.

नळी निघाली, आवाज परत आला, तेव्हा जितेंद्रने पहिली गोष्ट लेफ्टनंटला विचारली. हा एवढा वेळ काय बोलत होता?

लेफ्टनंटने ओत्गोनला विचारलं आणि हसला. "तो म्हणतो, तुझे डोळे बंद होते, म्हणून खोलीत काय चाललंय ते सांगत होतो. आता नर्स आली. खिडकीत ऊन आलं. आई तुझ्या पायाशी बसलीय, बायकोने थोडं खाल्लं."

"पण मला तर काहीच कळत नव्हतं."

"ते त्याला माहीत होतं."

 जितेंद्रने ओत्गोनचा हात धरून ठेवला.

सराव संपल्यावर, परत जायच्या आदल्या दिवशी, ओत्गोन हुडकेश्वरला जेवायला आला. लेफ्टनंटही सोबत होता. जिजाबाईंनी ओत्गोनपुरतं तिखट कमी करून, भातात डाळीचे गोळे शिजवून गोळाभात केला होता. तरी त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि तरी त्याने पुन्हा वाढून घेतला. जेवता जेवता जिजाबाई म्हणाल्या, "याच्या मायले कोणी सांगतलं का, लेकानं काय केलं ते?"

कोणी सांगितलं नव्हतं. ओत्गोन लाजून मान हलवत होता. शेवटी लेफ्टनंटने त्यालाच व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. पडद्यावर लाल गालांची, डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई दिसली. लेफ्टनंट भाषांतर करायला पुढे सरसावला, पण जिजाबाईंनी फोन स्वतःकडे घेतला.

"बाई, तुमच्या पोरानं माह्या पोराले पाठीवर आणलं," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसून सगळं पहिल्यापासून सांगू लागल्या. पलीकडची बाई पडद्याच्या अगदी जवळ आली, जिजाबाईंच्या चेहऱ्यावरून नजर न काढता ऐकत राहिली, आणि मग तिनेही आपल्या भाषेत बोलायला सुरुवात केली. लेफ्टनंट पुन्हा आपल्या पानाकडे वळला. मिनलने ओत्गोनच्या पानात आणखी एक गोळा वाढला.