देठावरची जाळी

बोहुमीरच्या जिभेवर गावाचा आंधळा विश्वास होता. जंगलातून आलेली प्रत्येक टोपली आधी त्याच्या अंगणात उतरायची. तो अळंबी उलटी करून टोपीखालचा स्पंजासारखा थर बघायचा. गुलाबी झाक दिसली की बाजूला. मग देठावरची जाळी: खऱ्या अळंबीची पांढुरकी, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या कडू अळंबीची काळपट. तरीही शंका उरली, तर चिरून जिभेचं टोक लावायचा. कडू अळंबीने कुणी मरत नाही, पण एक जरी पडली तरी पातेलंभर सूप ओतून द्यावं लागतं, आणि सूप नासवणाऱ्याचं नाव गावात पिढ्यान्‌पिढ्या निघतं.

हिवाळ्यातल्या तापाने बोहुमीरची चव नेली. हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. या जिभेखेरीज गावात त्याला विचारत कोण होतं?

जत्रेच्या दिवशी चर्चमागे सगळ्या शेजाऱ्यांसाठी सूप उकळत होतं; ते करायचा मान नेहमीप्रमाणे बोहुमीरचा. बोहुमीर कधी चुकतोय याची वाट बघत म्हातारा झालेला ओटाकार एक कोवळी अळंबी घेऊन आला. इतकी कोवळी, की खालचा थर अजून पांढराच आणि जाळी नुसती पुसट.

"चाख की शहाण्या, सगळ्यांसमोर!"

बोहुमीरने जीभ लावली. कडू नाही, गोड नाही, काहीच नाही.

"अस्सल आहे. टाक."

ओटाकारने गालातल्या गालात हसत ती स्वतःच्या हाताने चिरून पातेल्यात टाकली. इथेच त्याचं गणित चुकलं.

पहिल्या घोटालाच सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. पण बोहुमीरने चाखलेलं कडू कसं असेल? मनातल्या मनात कुणी शेपूला दोष दिला, कुणी आपल्या किडक्या दाढेला. ओटाकारला तर बोलायची सोयच नव्हती. टाकणारा हात त्याचा होता.

"कसं झालंय रे?" बोहुमीरने विचारलं.

"फक्कड!" ओटाकारच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मग घे की आणखी, लाजतोस काय?" बोहुमीरने त्याला पळीभर वाढलं. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

शेवटी त्याची बायको ल्युबा जेवायला बसली. लग्न झाल्यापासून तिला त्याचं सूप कधी पातळ लागायचं, कधी आंबट, कधी नुसतंच कसंतरी. तिने एक घोट घेतला, नवऱ्याकडे टक लावून पाहिलं आणि पुन्हा चमचा बुडवला.

"छान झालंय हं," ती म्हणाली, आणि ताटली रिकामी केली.

बोहुमीरच्या हातातली पळी तशीच राहिली. सूप किती कडू आहे, ते त्याला तेव्हा कळलं.