नऊचे दर्शन

२००३ सालच्या मे महिन्यात, धानोऱ्याच्या महाविद्यालयातल्या गणित कार्यशाळेत अंकानंद महाराज तोंडावर आपटले. महाविद्यालय म्हणते, असे काही घडलेच नाही. ठीक आहे. ही न घडलेली गोष्ट अशी.

सभागृहात विद्यार्थी, संशोधक आणि उदबत्तीचा धूर यांची दाटी झाली होती. नागपूरच्या उन्हाळी गणित शिबिरासाठी जागा एकच. तिच्यासाठी परीक्षा ठरली होती. पण प्राचार्य बापूजींनी ती रद्द करून निवड महाराजांच्या अंतर्दृष्टीवर सोपवली. तेव्हापासून अकरावीतली नाहीद महाराजांकडे संशयाने बघत होती. अब्बांच्या शिलाई मशीनच्या खडखडाटात वर्षभर गणितं सोडवली, ती काय धूर खायला?

महाराज म्हणाले, एक ते नऊमधला कोणताही अंक मनात धरा, त्याला नऊने गुणा, उत्तरातल्या अंकांची बेरीज करा. ती मी तुमच्या मनातून वाचून कानात सांगेन. कुणाला सांगाल तर बुद्धी गोठेल. मग ते एकेकाच्या कानाला लागू लागले आणि एकेक जण डोळे पुसू लागला. पीएच.डी. करणारे मुखरू सर तर थेट पायांवरच कोसळले.

दैवी तेज मिथुनच्या अंकात आहे, असा महाराजांनी निकाल दिला. मिथुन बापूजींचा भाचा. दैवी तेजाला नातीगोती बरोबर कळतात.

नाहीद उभी राहिली. "माया अंक नऊ आला."

"पोरी, बुद्धी गोठंल ना," बापूजी घाबरले.

"गोठू द्या सर. परीक्षाच नाई, तं ते घेऊन जाऊ कुठी?"

मागून कुणीतरी हळूच म्हणाले, "मायाबी नऊच." मग दुसरा, मग तिसरा. बघता बघता जवळजवळ सगळे सभागृहच नऊ निघाले.

"पाहिलंत? सर्वांच्या ठायी एकच तत्त्व," महाराज म्हणाले.

नाहीदने खडू घेतला. अठरा: एक आणि आठ. सत्तावीस: दोन आणि सात. पाढ्यात एक पायरी चढली की दशक एकाने वाढतो, एकक एकाने घटतो. बेरीज जागची हलत नाही.

मुखरू सर मात्र कासावीस झाले. संशोधनाच्या उंचीवरून त्यांना पाढे केव्हाच दिसेनासे झाले होते. नऊ साते बासष्ट धरल्याने त्यांची बेरीज आठ आली होती. "पण महाराज नऊ म्हणले. मले वाटलं, देवानं माया गुणाकार सुधारला."

"सर, तुमच्या मनात तं आठ होते," नाहीद म्हणाली. "मंग यायनं वाचलं काय? मन का पाढा?"

महाराजांना अचानक गडचिरोलीची बस आठवली. बापूजींना परीक्षा घ्यावी लागली आणि नाहीद नागपूरला गेली.

तेव्हा मंडळी, कुणी 'कुणाला सांगू नका' म्हणाले, की आधी शेजाऱ्याला विचारा: तुझं काय आलं? बहुतेक चमत्कार तेवढ्यावरच आटोपतात.

महाराजांच्या भक्तमंडळाने मात्र शिक्षण खात्याकडे अर्ज केला आहे: भाविकांच्या भावना दुखावल्या असल्याने, चौकशी पूर्ण होईपर्यंत नऊचा पाढा स्थगित ठेवण्यात यावा, ही विनंती.