आठव्या दिवसाचं पाणी

"बाबा, पुन्हा? कालच घातलंत की पाणी," राजकन्या म्हणाली.

"पानं बघ कशी लोळल्यात. तहान लागली त्येला," म्हणत दगडोबानं तांब्या कुंडीत रिकामा केला.

दगडोबा लातूरच्या नळयोजनेवर व्हॉल्व्हमन होता. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून गल्लोगल्ली फिरायचं आणि ठरल्या दिवशी पाणी सोडायचं. नळ आठ दिवसांनी एकदा. बायका त्याला एक तर देव मानायच्या, नाही तर शिव्या घालायच्या. मधलं काही त्याच्या वाट्याला कधी आलं नाही. तीस वर्षं हे करून त्याची समजूत पक्की झाली होती की जगात कुणाचं काहीही बिघडलं, तरी आधी पाणी द्यावं.

तीन आठवड्यांपूर्वी त्याची लेक राजकन्या पुण्याहून एक बॅग आणि हे ऑर्किड घेऊन माहेरी आली. कुंडी तिनं बसमध्ये मांडीवर धरून आणली होती. तेव्हा झाडाला जांभळी फुलं होती. नवऱ्याचं काय, परत कधी जायचं, यावर ती एक अक्षर बोलली नाही. फुलं आठवड्यात गळून गेली.

दगडोबाला मात्र दम निघेना. सकाळी चहाला, "जावयाचा फोन आला का?" दुपारी आल्या आल्या, "काय झालं त्ये तरी सांग की." ती उठून आत जायची. मग हा तांब्या घेऊन कुंडीकडे.

"सारखं इचारू नका तिला," पंचफुलाबाई नवऱ्याला म्हणाली. "लेकरू हाय, फिर्याद लिवायला आलं न्हाई."

त्याचं कामातही चित्त नव्हतं. सोमवारी त्यानं भलत्याच गल्लीचं पाणी सोडलं आणि दोन्ही गल्ल्यांच्या शिव्या खाल्ल्या.

एके सकाळी ऑर्किडचं खालचं पान त्याच्या हातातच आलं. दगडोबा घाबरला. लेकीनं त्या घरातून जपून आणलेली ही एवढी एकच वस्तू. ती आपल्या दारात मेली, तर तिला काय वाटेल? राजकन्या अंघोळीला गेलेली बघून त्यानं कुंडी पिशवीत घातली आणि सायकलवरून थेट नर्सरी गाठली.

नर्सरीच्या अमरेशनं झाड उपसून बघितलं. मुळ्या तपकिरी, लिबलिबीत झाल्या होत्या.

"मामा, पाणी कोण घालतंय ह्याला?"

"मीच. रोज. पान सुकल्यागत दिसलं की अजून एक तांब्या."

"मुळ्या कुजल्या. कुजलेली मुळी पाणी वढत न्हाई, म्हणून पान सुकतं. तुमी अजून पाणी घालता, ती अजून कुजते." त्यानं कात्रीनं सडकं सगळं कापलं, वर दालचिनीची पूड लावली आणि झाड कोळसा न् नारळाच्या शेंड्यांत बसवलं. तीनच मुळ्या उरल्या होत्या. "आता आठ दिसाला एकदा पाणी. मधी हात लावू नका."

"आठ दिसाला पाणी देतो म्हणून तर लोक मला शिव्या घालतेत."

"ह्ये न्हाई घालणार," अमरेश म्हणाला.

घरी येताना दगडोबानं सायकल हातात धरून चालत आणली. कुंडी जागेवर ठेवली, आठ दिवसांच्या पाण्याचं लेकीला सांगितलं, आणि त्या दिवसापासून तिला विचारणंही बंद केलं. पाणी न घालण्याहून हे कितीतरी अवघड होतं. तो अंगणात येरझाऱ्या घालायचा, तांब्या भरायचा, कुंडीपर्यंत जाऊन परत यायचा. जेवताना प्रश्न ओठांवर आला की भाकरीचा मोठा घास तोंडात कोंबायचा. पंचफुलाबाई पदराआड हसायची. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. झाड आहे तसंच.

तिसऱ्या पाण्यानंतर एका सकाळी तो सवयीनं तांब्या घेऊन उभा होता. कोळशातून हिरवं टोक वर आलं होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. तो वाकून बघत असतानाच राजकन्या शेजारी येऊन बसली. तिनंही ते बघितलं.

"बाबा," ती म्हणाली, "मी परत जाणार न्हाई."

का, कधीपासून, लोक काय म्हणतील, सगळं दगडोबाच्या जिभेवर आलं.

"बरं," तो म्हणाला. मग कुंडीकडे बघत त्यानं विचारलं, "पाणी घालून किती दिस झाले?"

"पाच."

"मंग अजून तीन दिस हायत," दगडोबा म्हणाला, आणि तांब्यातलं पाणी स्वतःच घटाघटा पिऊन टाकलं.